गरम पाण्याची मोरी

लोटन आबाला कुणी सरळ काही सांगितलं आणि त्यानं ते सरळ ऐकून घेतलं, असं कळमखेड्यात कुणाला आठवत नाही. कुणी "राम राम" घातला तरी आबा आधी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचा, हा आज काय मागायला आला म्हणून. बाजारात दुकानदारानं चार शेंगा जास्त टाकल्या, तर आबा त्या परत काढून द्यायचा. तापीकाठची चांगली काळीभोर जमीन, गोठ्यात बैल, कणगीत दाणा, कशाची ददात नाही. पण माणसाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. आता अशा माणसाच्या नशिबी सरकारी काम यावं, म्हणजे काय होईल ते बघा.

आबाच्या घरात मोरी नव्हती. मोरी म्हणजे आपली साधी अंघोळीची मोरी हो. खाली फरशी, बाजूंनी आडोसा, पाणी जायला भोक, झालं. गावात तेव्हा तशी कुणाकडेच नव्हती. पुरुष विहिरीवर नाहीतर नदीवर जायचे. बायका मागच्या अंगणात बाज उभी करायच्या, तिच्यावर जुनं लुगडं टाकायच्या आणि उजाडायच्या आत उरकून घ्यायच्या. आबाच्या बायकोचा, कमलबाईचा, सगळा जन्म त्या बाजेमागे गेला. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि आबानंही कधी विचारलं नाही.

पण सून आली ती खांडबाऱ्याची. खांडबारा म्हणजे बाजाराचं गाव, रेल्वेचं ठेसन असलेलं. शोभाच्या माहेरी दगडी मोरी, मोरीला दार, दाराला कडी. तिला ती बाज काही पचली नाही. तरी बिचारी निभावून नेत होती. मग एके सकाळी मागच्या गल्लीतून जाणाऱ्या म्हशीनं शिंगात लुगडं अडकवलं आणि घेऊन चालती झाली. बाज आडवी, शोभा उघड्यावर. शेजारच्या वाहिद गवंड्याची बायको खातून भिंतीपलीकडे भांडी घासत होती, तिनं ओरडणं ऐकून आपल्या अंगावरची चादर भिंतीवरून फेकली, म्हणून पोरीची लाज राहिली.

पुढं शोभा बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. आणि तिकडूनच तिनं नवऱ्याच्या, दोधूच्या, हाती निरोप धाडला, "मोरी व्हई जाई तवयच मी येसू. तोपावत मी येवाव नही, आनि पोऱ्याबी येवाव नही."

पहिला नातू! बारशाला आबानं त्याला मांडीवर घेतलं होतं. पोरानं आबाचं बोट असं घट्ट धरलं की सोडवेना. आबा तेवढ्यावर विरघळला. घरी आल्यावर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट दाखवायचा. एरवी हातातली विडी दाखवायला तयार नसणारा माणूस! पोरगं घरात आलं पाहिजे, बस. त्यासाठी मोरी काय, आबा किल्ला बांधायला तयार होता.

वाहिदनं भिंतीवरून डोकं काढलं. "आबा, कसाले इतला ईचार करतस? मन्हा आंगनम्हा दगड पडेल शेत. तुमना-आमनामधली भिंत शे, तिलेच लाई देसू. दोन दिसनं काम."

आबाच्या मनात पाल चुकचुकली. दगड फुकट? आणि ते भिंतीला लावून? आज भिंतीला मोरी लावेल, उद्या म्हणेल भिंत माझी, परवा म्हणेल अंगण माझं. वाहिदच्या बापानंच आबाचं हे घर बांधलं होतं, खातूनच्या चादरीनं घरची अब्रू राहिली होती, हे काय आबाला माहीत नव्हतं? होतं की. म्हणूनच त्याला जास्त संशय आला.

"इतला चांगला मानूस उगाच चांगला नही ऱ्हास," तो घरात येऊन कमलबाईला म्हणाला. "मी पहिले सरकारना कागद आनस. कागद व्हयना म्हंजे कोनी काय बोलाव नही."

"आपलं आंगन, आपली मोरी," कमलबाई म्हणाली. "त्याम्हा सरकारनं काय काम?"

"तुले नही समजाव," आबा म्हणाला. आणि धोतर झाडून तालुक्याच्या कचेरीत गेला.

घोळ झाला तो इथे. कचेरीच्या भाषेत मोरी म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी जायला बांधलेली दगडी कमान. लहानसा पूलच म्हणा. रूपचंद कारकुनानं जन्मात अंघोळीच्या मोरीचा अर्ज पाहिला नव्हता. पाहणार कुठून? असल्या गोष्टीला अर्ज करायला जातो कोण!

"मोरी बांधनी शे," आबा म्हणाला.

"कोणासाठी?" रूपचंदनं विचारलं.

आबा सावध झाला. घरासाठी म्हणावं तर घरपट्टी वाढवतील. सुनेसाठी म्हणावं तर परक्या पुरुषापुढं सुनेच्या अंघोळीची गोष्ट काढायची? जीभ झडली नसती! त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "समदा गावसाठी, साहेब."

"जागा?"

"मन्हा घरना मांगे. गल्लीले लागीसन."

"पाणी तुंबतं का?"

आबाला बाजेमागचा चिखल आठवला. "तुंबस ना. पाय बुडस."

"लोकांचे हाल होतात?"

"हाल? साहेब, पार लाज जास!"

रूपचंद जरा चमकला. पण खेड्यातली माणसं बोलतात काहीबाही, असं म्हणून त्यानं अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. सदर ठिकाणी मोरी नसल्यामुळे रहदारीची फार गैरसोय होते, वगैरे. रहदारी म्हणजे घरात राहणारी माणसं, असा आबानं अर्थ लावला आणि खूश होऊन अंगठा दिला. काय पण हुशार कारकून, सुनेचं नाव न घेता बरोबर सुनेचं लिहिलं!

मग वाट बघणं सुरू झालं. दोधू खांडबाऱ्याला जाऊन आला की बातमी आणायचा. पोरगं पालथं पडायला लागलं. पोरगं बसायला लागलं. आबा कचेरीत चकरा मारायचा. कागद वर गेला आहे, म्हणायचे. वर म्हणजे कुठं, तर जिल्ह्याला. आबाला तेही पटेना. कुणीतरी पाचर मारली असणार. आणि कुणीतरी म्हणजे कोण? तो भिंतीकडे बघायचा. भिंतीपलीकडे वाहिद आपला दगड घडत बसलेला. त्या छिन्नीचा आवाजसुद्धा आबाला कुजबुजीसारखा वाटायचा.

पोरगं रांगायला लागलं, तेव्हा एकदाचा ओव्हरसियर आला. फत्तेसिंग नाव. डोक्यावर टोपी, पायात बूट, बरोबर साखळी धरणारा शिपाई. आल्याबरोबर तो मागच्या गल्लीत गेला आणि साखळी टाकून गल्लीच मोजायला लागला. आबा साखळीच्या मागं मागं फिरला. मोरी अंगणात, आणि हा गल्ली कशाला मोजतो? जमीन ताब्यात घेणार, दुसरं काय!

"इथून गाड्या किती जातात?" फत्तेसिंगानं विचारलं.

गाडीवर कर बसवणार हा. "एकबी नही," आबा म्हणाला. तेवढ्यात त्याचीच बैलगाडी शेणखत भरून समोरून गेली. फत्तेसिंगानं गाडीकडे पाहिलं, आबाकडे पाहिलं. त्यालाही संशय आला. हा म्हातारा काहीतरी लपवतो आहे.

"पाणी कुठून येतं?"

"हिरवरथीन," आबा म्हणाला. विहिरीवरून.

"विहिरीतून? आपोआप?"

"आपोआप कसं? बायका आनतस."

फत्तेसिंगानं कपाळ पुसलं. "हे बघा पाटील, मी विचारतो ते पाणी निराळं. इथून वाहतं ते. पावसाळ्यात किती वाहतं?"

"रोजनं वाहस तितलंच."

"आणि उन्हाळ्यात?"

आबानं विचार केला. उन्हाळ्यात माणूस दोनदा अंघोळ करतो. "उन्हायाम्हा जास्त."

"उन्हाळ्यात जास्त!" फत्तेसिंग ओरडलाच. सगळ्या खानदेशाचे नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि हा म्हणतो जास्त. "आणि हिवाळ्यात?"

"हिवायाम्हा कमी. पन गरम ऱ्हास."

सरकारी माणूस दोन पावलं जवळ आला. मग हळूच म्हणाला, "गरम?"

"गरमच! थंडं कोन लेस? तोरनमायवरथीन वारा सुटस तवय हाडं गोठतस, साहेब."

आता योगायोग बघा. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, कमलबाईची अंघोळ नुकतीच उरकलेली. कुंपणाखालून पाणी गल्लीत येत होतं आणि त्यातून वाफ निघत होती. फत्तेसिंग उकिडवा बसला. त्यानं बोट बुडवून पाहिलं, दोन बोटं बुडवून पाहिली. मग त्यानं ती बोटं हुंगूनही पाहिली. शिकेकाईचा वास त्याला जमिनीतल्या औषधी क्षाराचा वाटला.

"उनपदेव!" तो पुटपुटला. शहाद्याकडे उनपदेवला जमिनीतून गरम पाण्याचा झरा वाहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आता दुसरा झरा सापडला, आणि तो कुणाला सापडला? फत्तेसिंगाला! त्याचे डोळे लकाकले. "पाटील, तुम्ही हे लपवत होता तर!"

"मी काय लपाडसू?" आबा घाबरून म्हणाला. हात आपोआप धोतराच्या सोग्याकडे गेला, जणू झडतीच घेतात की काय.

आत कमलबाई दाराआड उभी होती. तिला एक शब्द बोलून सगळं मिटवता आलं असतं. पण ओव्हरसियरपुढं बाईमाणसानं बाहेर येऊन म्हणायचं काय, हे माझ्या अंघोळीचं पाणी आहे म्हणून? ती पदर तोंडात कोंबून तशीच परत फिरली.

मग मात्र कागद पळत सुटले. वर गेलेला कागद खाली आला. दगडाच्या गाड्या आल्या, चुन्याच्या आल्या. मुकादम आला, आणि जवळचा गवंडी म्हणून त्यानं कामाला घेतलं ते वाहिदला. झालं! आबानं मांडीवर थाप मारली. "देखं? देखं का? म्हनूनच तो भिंतीवरून डोकावे! त्यानीच ही समदी खटपट करेल शे."

"आबा, माले कालच बलायं," वाहिद हात जोडून म्हणाला. "पन एक सांगस. ही मोरी ती मोरी नही शे."

"तू माले मोरी शिकाडू नको," आबानं त्याला झटकलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं.

काम वर येत गेलं तसा आबाचा ऊर भरून आला. काय तो दगड, काय ती कमान! माणूस उभा राहील एवढी उंच. पण अंगणात न बांधता गल्लीत का बांधली, हे त्याला जरा खटकलं. मग त्यानंच मनाची समजूत घातली. सगळ्या गावासाठी असं आपणच बोललो होतो ना? घालावी लागेल गावालाही अंघोळ. आधी सून, मग गाव. दोन्ही तोंडं उघडी होती, त्याला आबा म्हणाला, दारं शेवटी बसवतात.

दारं बसली नाहीत. वर भराव पडला, मुरूम पडला, आणि एका सकाळी मोरीच्या डोक्यावरून ज्वारीची भरलेली गाडी खडखडत निघून गेली. आबा गल्लीत उभा होता. गाडी गेली तरी तो तिथंच उभा.

"मोरीवरथीन गाडी?" तो शेवटी म्हणाला.

कमलबाई खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं. "पोऱ्या चालाले लागना म्हनतस," ती म्हणाली. "त्याले अजून घर माहीत नही."

आबा तडक कचेरीत गेला. या खेपेला त्यानं सांगितलं, "माले घरनी मोरी पाहिजे. घरनी!"

रूपचंदनं चष्मा वर केला. "घरची? अहो, घरच्या मोरीला परवानगी कशाला? तुमचं अंगण, तुमचे दगड. बांधा खुशाल."

आबा दाराकडे वळलासुद्धा. पण रूपचंदचं बोलणं संपलं नव्हतं. त्यानं कागद चाळले आणि ओठ मुरडले. "थांबा, थांबा. तुमच्या घरामागं सरकारी मोरी झाली नाही का? मग आता नाही बांधता येणार. सरकारी मोरीपासून दहा हातांत खाजगी बांधकामाला मनाई आहे."

"ती मोरी मीच मांगेल व्हती!"

"हो तर," रूपचंद म्हणाला, "अर्ज तुमचाच आहे."

आबा परत निघाला. या वेळी संशय घ्यायलाही त्याला कुणी सापडेना, आणि तेच फार वाईट होतं.

घरी मात्र बायकांनी आपलं सरकार चालवलं होतं. कमलबाई आणि खातून, दोघींनी मिळून गोणपाटं शिवली आणि कमानीच्या दोन्ही तोंडांना पडदे लावले. आत एक सपाट दगड टाकला, वाहिदनंच आणून ठेवलेला. आणि कमलबाईनं दोधूला खांडबाऱ्याला पिटाळलं, "सांग तिले, मोरी व्हई गयी." खोटं काय होतं त्यात?

शोभा आली. पोरगं स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आत आलं. आबा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तेच बोट पुढं केलं. पोरानं बोटाकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून आबाकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर. हा म्हातारा काय मागतो आहे, असं. कमलबाईनं तोंड फिरवलं. ती नजर कुणाची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पोरगं वळलं आणि मागच्या अंगणात भिंतीवरून हात करून बोलावणाऱ्या वाहिदकडे दुडुदुडु गेलं.

आबाचं बोट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा गरम पाण्याचा हंडा घेऊन मोरीत गेली. आबा काठी घेऊन वर रस्त्यावर पहाऱ्याला बसला. कुणाची गाडी आली की हात आडवा करायचा, "थांबी जाय! मोरी चालू शे!" लोक थांबायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

तेवढ्यात फत्तेसिंग आला. झरा बघायला. खाली उतरला, आणि काय बघतो, कमानीच्या तोंडातून वाफाळलेलं पाणी झुळझुळ वाहत येतंय!

"वाहवा!" तो म्हणाला. "झरा मोरीत सरकला की! आणि हे गोणपाट कुणी लावलं? सरकारी कामाला पडदा? पाटील, काय लपवताय आत?"

"काय नही, साहेब."

"बाजूला व्हा."

"नका जाऊ, साहेब."

"का?"

आबाच्या तोंडात शब्द आला आणि अडकला. तोच शब्द, जो कचेरीत गिळला होता, गल्लीत गिळला होता. फत्तेसिंगानं पडद्याला हात घातला. आबा वरून घसरत, धडपडत खाली आला, पडद्यापुढं आडवा झाला आणि गाव हादरेल असा ओरडला, "मन्ही सून आंघोय करी ऱ्हायनी, साहेब! आंघोय! हाई तिनं पानी शे! झरा नही, काय नही! माले आंघोयनी मोरी पाहिजे व्हती!"

गाडीवाले, बायका, भिंतीवरचा वाहिद, सगळे तिथल्या तिथं. फत्तेसिंगानं पडद्यावरचा हात काढला. ज्या बोटानं त्या दिवशी पाणी हुंगलं होतं, ते बोट त्यानं रुमालाला पुसलं, पुन्हा पुसलं.

सासऱ्यापुढं कधी मोठ्यानं न बोलणारी सून आतून म्हणाली, "मामा, हाईच तवय सांगं असतं ते?"

फत्तेसिंग टोपी सारखी करून निघाला, आणि जाता जाता हळूच म्हणाला, "पाटील, घरात का नाही बांधली?"

"दहा हातना कायदा शे, साहेब. तुमनाच."

फत्तेसिंग झपाझप चालायला लागला.

दुपारी कुदळीचा आवाज आला. आबानं भिंतीवरून पाहिलं. पहिल्यांदाच तो त्या बाजूनं डोकावत होता. वाहिद स्वतःच्या अंगणात चर खणत होता आणि आबाचा नातू मातीत बसून त्याला मदत करत होता.

"काय करी ऱ्हायना?" आबानं विचारलं.

"मोरी," वाहिद म्हणाला. "मन्हं आंगन दहा हातना बाहेर शे. मधली भिंत फोडीसन दार काढी देसू, तुमनाकडथीन. खातूनबी तठेच आंघोय करी, शोभाबी करी."

जागा वाहिदची, भिंत फोडायची आबाची. ज्याची भीती होती नेमकं तेच, फक्त उलटं. आबाचं तोंड सवयीनं उघडलं, "पन, कागद..."

वाहिदनं कुदळ टेकवली. चेहरा अगदी गंभीर. "करतस का अर्ज, आबा?"

आबा भिंतीला वळसा घालून आला. त्यानं टोपली उचलली आणि माती भरायला लागला. थोड्या वेळानं पोरगं उठलं, दोन्ही मुठींत माती घेऊन आलं, आबाकडे एकवार निरखून पाहिलं आणि माती त्याच्याच टोपलीत टाकली.